ओव्यांतून उभे राहिलेले राष्ट्र

प्रश्न : निजामाच्या राजवटीत आमच्या आजोबांना उर्दूतून शिकावे लागले, घरी मात्र आजी जात्यावर मराठी ओव्या म्हणत असे. एकोणिसाव्या शतकातील युरोपात लोकगीतांनी राष्ट्रवादाला बळ दिले, असे वाचले. ते कसे?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या आजीच्या जात्यापाशी बसूनच फिनलंड समजून घेता येईल. १८०९ पासून हा देश रशियन साम्राज्यात होता, कारभार आणि उच्च शिक्षण मात्र स्वीडिशमध्ये चाले. फिनिश ही शेतकऱ्यांची बोली मानली जाई. एलिआस ल्योनरोट या डॉक्टरने फिनलंड-रशिया सीमेवरील कारेलिया या प्रदेशात खेडोपाडी पायपीट करून गायकांच्या तोंडची गीते उतरवून घेतली, ती एका कथासूत्रात ओवली आणि १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य प्रसिद्ध केले. १८४९ च्या आवृत्तीत ओळींची संख्या २२,७९५ झाली. जुळणी त्याची होती, काही ओळीही त्याच्याच, हे झाकून ठेवू नये. तरीही जिला कचेरीत थारा नव्हता, त्या भाषेत महाकाव्य आहे, या जाणिवेने सुशिक्षितांची मान ताठ झाली. १८६३ च्या फर्मानाने फिनिशला वीस वर्षांत स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान देण्याचे ठरले. आजीच्या ओव्या घरात कुणाला पाठ असतील, तर आम्हांस अवश्य लिहून पाठवाव्यात.