वाचक विचारतात : गिरणीचा रिपोर्ट खरा की आपला?

प्रश्न : सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, बॉक्ससाठी 180 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम भरणारा क्राफ्ट कागद मागवला, कागद गिरणीचा रिपोर्ट 180 चा आणि आमच्या काट्यावर भरतोय 174, फसवलं का आम्हाला?

उत्तर : लगेच भांडायला जाऊ नका हो! मोजलं कधी, मे महिन्यात ना? कागद हवेतला ओलावा पितो आणि सोडतो, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तर माणूस सुकतो तिथं कागदाचं काय घेऊन बसलात. ओलावा 8 टक्क्यांवरून 5 वर आला की तोच 180 चा कागद साधारण 174 च दाखवणार.

म्हणून तर आयएसओ 187 या कागद तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून टाकलंय की टेस्टच्या आधी नमुना 23 डिग्री आणि 50 टक्के आर्द्रतेत ठेवायचा, वजन स्थिर होईपर्यंत. गंमत म्हणजे दमट कागद थेट तिथं ठेवला तर आकडा वेगळा येतो, त्यामुळे तो आधी कोरड्या हवेत ठेवून मग आणायचा.

असली पद्धत कुणी टेबलावर बसून लिहीत नाही, एकाच कागदाचे नमुने बऱ्याच लॅबना पाठवतात, प्रत्येकाचा आकडा किती इकडंतिकडं होतो ते बघतात, फार फरक पडला की पद्धतच परत दुरुस्त करतात.

तुम्ही ही 23 डिग्री आणि 50 टक्के आर्द्रता सांभाळणाऱ्या लॅबमधनं एकदा तपासून घ्या, आणि पुढच्या ऑर्डरवर आयएस 1060 (कागद तपासणीचं भारतीय मानक) प्रमाणे टेस्ट असं लिहूनच द्या. तिथंही 174 आलं तर मात्र सोडू नका.