कूलर की एसी हे नंतर. आधी उदबत्ती लावा

घरच्या क्रिप्टो माइनिंगची (मशीनला अखंड आकडेमोड करायला लावून बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी कमावण्याची) खोली थंड कशी ठेवायची, हे तुम्ही विचारलेलं वाचलं आणि माझा २०२२ चा एप्रिल आठवला. तुमची वरच्या मजल्यावरची दहा बाय दहाची खोली, वर तापलेली गच्ची, एक एस-नाइन्टीन (बिटकॉइनचं माइनिंग मशीन), सहा कार्डांची रिग (ग्राफिक्स कार्डं जोडलेला संगणक), दोन एक्झॉस्ट लावूनही खोलीत ४८ अंश, आणि शेवटी प्रश्न: "कूलर घेऊ की दीड टनाचा एसी?" मीही इंदूरचाच, राजेंद्रनगरचा. हाच प्रश्न मी महाराणी रोडवरच्या एका दुकानदाराला विचारला होता. एसी विकणाऱ्याला विचारलं तर तो काय सांगणार, ते समजून घ्या.

आधीच सांगतो, मी इंजिनीयर नाही, इलेक्ट्रिशियनही नाही. नोकरी हिशेबाच्या खात्यात. जे हात पोळून शिकलो तेवढंच लिहितो. माइनिंगची तांत्रिक बाजू तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं असं दिसतंय, त्यात पडत नाही.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, आणि सगळं तिथेच अडलंय: एक्झॉस्ट हवा कुठे फेकतात आणि खोलीत हवा येते कुठून?

माझ्याकडे तेव्हा दोन रिग होत्या, बारा कार्डं, सगळं मिळून १,५०० वॅटच्या आसपास. एक्झॉस्ट बसवला पूर्वेच्या भिंतीत. त्या बाजूला आमच्या आणि शेजारच्या भिंतीमध्ये अडीच फुटांची बोळ आहे. तिथे ऊन येत नाही, म्हणून "थंड बाजू" समजून खिडकीही त्याच बोळीत उघडी ठेवली. पंख्यापासून खिडकी चार फुटांवर. झालं. गरम हवा बाहेर जायची, अडीच फुटांत घुटमळायची आणि खिडकीतून परत घरी. वरातीत नाचणारा जसा फिरून फिरून बँडपाशीच येतो, तसं.

मला हे कळायला सात आठवडे लागले. तोवर मी कार्डांचे थर्मल पॅड आणि पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारे थर) बदलले, एका कार्डाचा पंखा बदलला, दुसरा एक्झॉस्ट लावला (म्हणजे तीच हवा जास्त वेगानं फिरवली), आणि शेवटी दीड टनाचा एसी हप्त्यावर घेतला. एसी चालू, खिडकी बंद, आणि एक्झॉस्ट? तोही चालूच! गरम हवा काढायला नको का, असं माझं डोकं. म्हणजे पैसे देऊन थंड केलेली हवा मी बोळीत सोडत होतो आणि तिच्या जागी दाराच्या फटीतून जिन्यातली तापलेली हवा आत ओढत होतो. दार इतकं ओढलं जायचं की आईला ते उघडता यायचं नाही. ती रोज म्हणायची, "अरे, ही खोली श्वास आत घेऊन बसलीये." मी हसण्यावारी नेलं.

पत्ता लागला तो उदबत्तीमुळे. एके दिवशी संध्याकाळी आईनं मच्छरांसाठी बोळीकडच्या छज्जावर धूप आणि मोगऱ्याची उदबत्ती लावली, अगदी पंख्याच्या तोंडाशी. एसी सर्व्हिसिंगला उघडलेला होता म्हणून खिडकी पुन्हा उघडी. मिनिटभरात सगळ्या खोलीत मोगरा. मी डोक्याला हात लावला.

तर काहीही विकत घेण्याआधी हे करा: एक उदबत्ती एक्झॉस्टच्या बाहेरच्या तोंडाशी धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी आत उभं करा. वास आत आला तर तुमचाही रोग तोच. दुसरी उदबत्ती हवा आत येते तिथे धरा; धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. दोन रुपयांत काम.

आता हिशेब. मशीन जितके वॅट खातं तितकीच उष्णता खोलीत सोडतं, अगदी सगळी. ढोबळ सूत्र: वॅटला ३ नं गुणा आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा किती अंश जास्त चालेल त्यानं भागा, उत्तर येतं पंख्यानं ताशी किती घनमीटर हवा फेकायला हवी ते. एस-नाइन्टीनचे ३,२५० आणि सहा कार्डांचे ९०० धरले तर ४,१५०. दहा अंशांचा फरक चालत असेल तर ताशी १,२४५ घनमीटर. बाजारातला बाराइंची एक्झॉस्ट एवढं देतो, पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर, पाइप आला की तो घसरतो, म्हणून दीडपट धरा. आणि हवा येण्याची जागा पंख्याच्या तोंडाच्या दीडपट तरी मोठी हवी, शक्यतो उत्तरेला, सावलीत, आणि एक्झॉस्टच्या विरुद्ध भिंतीत. सगळे पंखे मोजतात, खिडकी कोणी मोजत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय मला फार उशिरा सुचला: प्लायचं पार्टिशन. प्लायला मशीनच्या मापाचं भोक पाडा, मशीनचं गरम तोंड पलीकडे आणि थंड तोंड तुमच्याकडे. फटी टेपनं बंद. मग खोली थंड करायचीच नसते. फक्त गरम कप्पा रिकामा करत राहायचं.

एसीचं गणित बघा. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता. तुमच्या मशीनांनाच सव्वा टनाच्या आसपास लागेल, त्यात गच्चीचं ऊन वेगळं. म्हणजे दीड टनाचा एसी चोवीस तास धापा टाकत राहणार आणि स्वतः आणखी दीडेक किलोवॅट खाणार. २०२२ च्या १ एप्रिलपासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि विजेचं बिल त्यातून वजा होत नाही, हेही मोजा.

कूलर? एप्रिल-मेमध्ये होय. आपल्याकडची हवा तेव्हा इतकी कोरडी असते की ४१ अंशांची हवा ताटीतून आली की दहा अंशांनी सहज उतरते. पण कूलर हवा येण्याच्या तोंडाशी, मशीनपासून चारपाच फूट लांब. पाणी बोअरिंगचं असेल तर पांढरी भुकटी कार्डांच्या फिनवर (उष्णता सोडणाऱ्या पातळ पत्र्यांवर) बसते, नळाचं नर्मदेचं वापरा. आणि पहिला पाऊस पडला की पाणी बंद, नुसता पंखा. पावसाळ्यात कूलर म्हणजे मशीनला ओल्या पंच्यानं गुंडाळणं.

एस-नाइन्टीनला आत येणारी हवा ४० अंशांपर्यंतच चालते. मेमध्ये दुपारी बाहेरच ४२ असतं. मी माझ्या रिग सरळ दुपारी बारा ते सहा बंद ठेवायचो. शब-ए-मालवा (मालव्याची रात्र) उगाच म्हणत नाहीत, रात्री आपलं पठार गार पडतं. त्याचा फायदा घ्या. शेजारच्या काकूंना मात्र उलटं हवं असतं, रात्री शांतता. आवाज दाबायला मशीनभोवती बंद खोका करू नका, आत शिजेल.

वायरिंगबद्दल एवढंच: एकटं एस-नाइन्टीन १४ अँपिअर ओढतं, तेही अखंड. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, जाड तार, आणि हे काम परवानाधारक माणसाकडूनच. एक्स्टेंशन बोर्डाचं नाव काढू नका. माझा वितळला होता. मंजूर लोड वाढवून घ्या, यासाठी एका कार्यालयात मी पाच चकरा मारल्या. पहिल्या चकरेला बाबूंनी विचारलं, "माइनिंग? मग खनिज विभागात जा." हा विनोद नव्हता. शेवटी अर्जात "संगणक" लिहिलं तेव्हा कागद हलला. तुम्ही मात्र घरगुती दर लागू होतो का ते आधी लेखी विचारा. मी विचारलं नाही आणि वर्षभर धाकधूक.

माझं पुढे काय झालं? बोळीची खिडकी प्लायनं बंद केली, उत्तरेला नवी पाडली, जाळी दर रविवारी धुवायची. खोली बाहेरच्यापेक्षा सहासात अंशांवर आली, एसीशिवाय. हे झालं जूनमध्ये. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं (माझी कार्डं कमवायची त्या नाण्याचं) माइनिंगच संपलं. एसीचे हप्ते पुढचे चौदा महिने चालू होते. आता त्या खोलीत आई कुरडया ठेवते.

आणि २०२४ च्या एप्रिलपासून बिटकॉइन माइनिंगचं प्रत्येक ब्लॉकमागचं (नोंदींच्या गठ्ठ्यामागचं) बक्षीस निम्मं होऊन ३.१२५ बिटकॉइनवर आलंय, तेव्हा घरगुती दरानं एस-नाइन्टीन परवडतं का हे तुम्ही मोजलं असेलच. मी मोजलं, मला परवडलं नाही. पण तुमचा निर्णय तुमचा.

एक थर्मामीटर हवा येते त्या खिडकीत आणि एक गच्चीतल्या सावलीत ठेवा, दुपारी तीनचे दोन्ही आकडे सांगा. फरक दोन-तीन अंशांहून जास्त निघाला तर गरम हवाच परत आत येतेय, एसीची ऑर्डर थांबवा.