क्वेबेकमधील शेतकरी पूर्वजाचा शोध: आधी विवाहनोंद, मग नोटरीचे दप्तर

तुमच्या जावयांचे खापरपणजोबा 1880 च्या सुमारास क्वेबेकमधील शेती सोडून मॅसॅच्युसेट्समधील लोवेलच्या कापडगिरणीत आले, अमेरिकी कागदांत त्यांचे आडनाव ‘किंग’ आहे आणि त्या नावाने कॅनडात काहीच सापडत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. न्यू इंग्लंडला गेलेल्या अनेक फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबांची आडनावे तिथे इंग्रजी अर्थाने बदलली गेली, त्यामुळे ‘किंग’चे मूळ बहुधा ‘र्वा’ (Roy, म्हणजे राजा) असावे. शोधाची सुरुवात त्या नावाने करा.

मात्र तेवढ्याने भागणार नाही. तिथल्या कित्येक घराण्यांना ‘दी’ (dit, म्हणजे उर्फ) या शब्दाने जोडलेले दुसरे आडनाव असे. 1665 मध्ये फ्रान्सच्या कारिन्यां-सालिएर रेजिमेंटमधून आलेला सैनिक आंत्वान र्वा दी देजार्दें याचे वंशज कुठे र्वा, तर कुठे देजार्दें म्हणून नोंदलेले दिसतात. एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका आडनावाने आणि विवाह दुसऱ्या आडनावाने झालेलाही आढळतो. शिवाय बाप्तिस्म्याच्या वेळी मुलांच्या नावाआधी जोसेफ आणि मुलींच्या नावाआधी मारी लावण्याची पद्धत होती, म्हणून हाक मारण्याचे नाव बहुधा शेवटचे असते.

पहिला कागद म्हणून लोवेलमधील फ्रेंच कॅथलिक चर्चची विवाहनोंद शोधा, कारण सरकारी कागदांत बऱ्याचदा नुसते ‘कॅनडा’ लिहिलेले असते, तर पाद्री वधूवरांच्या आईवडिलांची नावे आणि पुष्कळदा मूळ पॅरिशही (एका चर्चच्या हद्दीतला भाग) लिहीत. तिथून मागे विवाहामागून विवाह असे जा. क्वेबेकच्या विवाहनोंदीत दोन्ही बाजूंच्या आईवडिलांची नावे असतात, आयांची माहेरच्या आडनावासह, आणि त्यामुळे एका नोंदीवरून मागच्या पिढीची दोन घराणी हाती लागतात. वर किंवा वधू विधुर-विधवा असेल, तर आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचे नाव सापडते. अशा वेळी पहिल्या विवाहाची नोंद शोधावी लागते. लग्न सहसा वधूच्या पॅरिशमध्ये होत असे, हेही ध्यानात ठेवा. या नोंदवह्यांच्या दोन प्रती ठेवल्या जात, एक चर्चमध्ये आणि एक सरकारकडे, म्हणून एक जळाली तरी सहसा दुसरी मिळते. त्यांची पाने फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची कुटुंबे माँट्रियल विद्यापीठाच्या पीआरडीएच या प्रकल्पाने जुळवून ठेवली आहेत. तिथली जुळणी आयती मिळाली तरी मूळ पान स्वतः वाचावे, असा माझा आग्रह आहे.

एवढे केल्यावर वंशावळ तयार होते, पण शेतकरी दिसत नाही. तो नोटरीच्या, म्हणजे लोकांचे करार लिहून त्यांच्या मूळ प्रती जपणाऱ्या अधिकाऱ्याच्या, दप्तरात दिसतो, आणि बहुतेक जण तिथवर जातच नाहीत याचे मला फार वाईट वाटते. नदीकाठापासून मागे जाणाऱ्या शेतजमिनीच्या अरुंद, लांब पट्ट्या सगळ्या मुलांत वाटल्या असत्या, तर कोणाचेच पोट भरले नसते; म्हणून म्हातारे आईवडील एका मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून देत आणि त्यात स्वतःच्या निर्वाहाच्या अटी घालत. वर्षाला इतके पीठ, एक पोसलेले डुक्कर, फोडून दारात आणून टाकलेला जळणाचा लाकूडफाटा, तंबाखू, एक दुभती गाय (ती मेली तर लगेच दुसरी द्यायची) आणि मृत्यूनंतर आत्म्याच्या शांतीसाठी ठरावीक मिसा (चर्चमधील प्रार्थनाविधी), असा सारा तपशील त्यात असतो. उरलेल्या भावांना नवे जंगल तोडून शेत करावे लागे, नाहीतर गिरणीची वाट धरावी लागे. तुमच्या जावयांच्या खापरपणजोबांनी गाव का सोडले, याचे उत्तर त्यांच्या एखाद्या भावाच्या नावे झालेल्या अशा बक्षीसपत्रात मिळण्याचा संभव मोठा आहे.

नोटरींची ही दप्तरे क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोठ्या प्रमाणात आहेत. पॅरिश कळली की त्या भागातला नोटरी कोण होता ते पाहून त्याची सूची वर्षवार चाळा. वडिलांच्या मृत्यूआधीच्या दहा-पंधरा वर्षांपासून सुरुवात करणे बरे. लोवेलची विवाहनोंद मिळाली की तिचे छायाचित्र मला दाखवा, जुने फ्रेंच हस्ताक्षर लावायला मी आनंदाने मदत करीन.