रेड वाइन तुरट का लागते?

प्रश्न : नाशिकला गेलो होतो तेव्हा पहिल्यांदा रेड वाइन प्यायलो, तोंड एकदम कच्चं केळं खाल्ल्यासारखं झालं. ही अशीच असते का? सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तो तुरटपणा टॅनिन नावाच्या तुरट घटकाचा, द्राक्षाच्या सालीतून न् बियांतून येतो. रेड वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात जास्त, व्हाइटमध्ये रस आधीच वेगळा काढतात म्हणून अगदी कमी. मी काही तज्ज्ञ नाही पण वीसेक वर्षं चाखतोय आणि वहीत लिहून ठेवतोय, त्यावरून सांगतो, शेनिन ब्लांक या व्हाइट वाइनपासून सुरू करा. नाशिकच्या सुला कंपनीची शेनिन जराशी गोडसर असते, थंडगार प्यायची, कोथिंबीर वडीबरोबर तर फारच छान लागते. मग सोव्हिन्यो ब्लांक ही दुसरी व्हाइट घ्या, ग्लासात नाक घालून वास घ्या, नुकतीच चिरलेली ढोबळी मिरची न् पेरू, पहिल्यांदा तो वास ओळखता आला तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

रेड घ्याल तेव्हा आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, 16-18 डिग्री बरी, आपल्या मे महिन्यातल्या खोलीत ती नुसती अंगावर येते. सोबत मटण सुक्कं असेल तर तुरटपणा मऊ होतो, पण तिखट कमी हं, झणझणीत रश्श्याबरोबर उलट जास्तच बोचते.

आणि बाटली माळ्यावर ठेवू नका. माझी एक चांगली शिराझ, म्हणजे रेडच, उन्हाळाभर तिथे राहिली, उघडली तर शिजवलेल्या मनुकांसारखी, फार वाईट वाटलं. जमलं तर फेब्रुवारीत पुन्हा नाशिकला जा, तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू असते.