पुण्याच्या पेठांमधली छोटी संग्रहालयं वयस्कर आईला घेऊन एका दिवसात बघून होतील का?

तुम्ही विचारलंय की नागपूरहून दोन दिवसांसाठी पुण्यात येताय, सोबत सत्तरीच्या आई आहेत, शनिवारवाडा आणि सिंहगड मागच्या खेपेला झालेत, आणि आता पेठांच्या गल्लीबोळांतली छोटी संग्रहालयं एका दिवसात ‘कव्हर’ होतील का.

कव्हर वह्या-पुस्तकांना घालतात. बघायची असतील तर दिवसाला एक, फार तर दीड. आणि आईंमुळे अडचण होईल असा जो सूर तुमच्या प्रश्नात आहे, तो आधी काढून टाका. या बाबतीत तुम्ही आईंना नेत नसून आई तुम्हाला नेणार आहेत. कसं ते सांगते.

माझं लहानपण शुक्रवार पेठेत गेलं. राजा दिनकर केळकर संग्रहालय घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर, त्यामुळे अर्थातच आम्ही तिथे आपणहून कधी गेलो नाही. पाहुणे आले की त्यांना घेऊन जायचं आणि त्यांचं बघून होईपर्यंत जिन्यात बसून राहायचं. तीन वर्षांपूर्वी कऱ्हाडची माझी आत्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आली होती. डॉक्टरची वेळ दुपारची, सकाळ मोकळी, म्हणून तिला नेलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे. अर्ध्या तासात बाहेर पडू, असा माझा हिशेब होता. अडीच तासांनी निघालो, तेही डॉक्टरची वेळ झाली म्हणून.

झालं असं की एका काचेच्या कपाटापाशी ती थांबली आणि हसायलाच लागली. आत मुठीत मावतील एवढ्या पितळी वस्तू मांडलेल्या. कुणाच्या पाठीवर मोर, कुणावर हत्ती, कुणावर नुसतीच कडी, आणि खालचं बूड खरखरीत, किसणीसारखं. लहानपणापासून मी हे कपाट बघत आलेय आणि कागदांवर ठेवायची वजनं असावीत असं समजून पुढे जात आलेय. पाटीवर लिहिलेलं असतं हो, ‘वज्री’. पण वज्री म्हणजे काय हे मला कुठे माहीत? आत्या म्हणाली, “अगं, ही पाय घासायची. आमच्या न्हाणीत होती की. आमची बिनमोराची.” मग तिथेच उभ्या उभ्या सगळी न्हाणी निघाली. बंबात पाणी तापायचं, घंगाळात विसण घालायचं, टाचा घासायला ही वज्री. तिच्या पोकळ पोटात बारीक खडे असत, त्यामुळे घासताना ती खुळखुळायची. बाहेर ओसरीवर बसलेल्या सासूबाईंना त्या आवाजावरून कळायचं की सून अजून अंघोळीतच आहे, आणि मग तिथूनच हाक यायची. “एवढा मोर लावलाय,” आत्या म्हणाली, “म्हणजे या बाईला हाक मारणारी सासू नसणार.”

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की या संग्रहालयात साठीच्या आतल्या माणसाने एकट्याने जाऊच नये. इथे तोफा-तलवारींपेक्षा घर जास्त आहे: दिवे, समया, कुलपं, पानपुडे, दौती, गंजिफा, वाद्यं, स्वयंपाकाची भांडी, दारं-खिडक्या. आणि घरातल्या वस्तूची पाटी कितीही नीट लिहिली तरी नाव, धातू आणि काळ याच्यापुढे ती जात नाही. ती हातात कशी धरायची, कुठे ठेवायची, कुणी हात लावायचा नाही, हे पाटीवर मावत नाही. ते तुमच्या आईंच्या डोक्यात आहे. नागपूरकडची नावं वेगळी असतील, तर उलट अजून मजा.

संग्रहालयामागची गोष्ट थोडक्यात. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६चा, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करायचे. साधारण १९२०पासून त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने तो आयुष्यभर चालला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ म्हणजे तो मुलगा. दिनकर नावाच्या कुठल्या राजाचा हा वाडा असावा असं वाटून येणारे लोक मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगतेय. १९७५ साली त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला, आणि १९९० साली ते गेले. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. मांडलेल्या असतात त्या साधारण २,५००. म्हणजे बहुतेक सगळा संसार अजून माळ्यावरच आहे म्हणा ना.

अडकित्त्यांचं दालन मात्र सावकाश बघा. सुपारी कातरायचं अवजार ते केवढं, आणि त्यावर कारागिराने काय काय बसवलंय: घोडे, पोपट, एकमेकांना बिलगलेली जोडपी. माझी युक्ती अशी की सगळे बघायचे नाहीत. एक निवडायचा आणि त्याचं बिजागर शोधायचं. दोन पात्यांना धरणारी ती खीळ कारागिराने नक्षीत कुठे लपवलीय ते सापडलं, की मग बाकीच्यांकडे बघताना नजर आपोआप तिथेच जाते. माझा भाचा एरवी फोनमधून मान वर काढत नाही, तो या खेळात अर्धा तास रमला.

मस्तानी महालापुढे गर्दी असेल. कोथरूडला मस्तानीचा वाडा होता, त्याचे अवशेष काकासाहेबांनी (म्हणजे हेच दिनकर केळकर) आणून इथे पुन्हा उभे केलेत. बघाच, पण लोक तिथेच सगळा वेळ घालवतात आणि भांड्यांच्या दालनातून धावत सुटतात, ते मला पटत नाही. झुंबरं कुठेही बघायला मिळतात.

आता सोयीचं. संग्रहालय बाजीराव रस्त्यावरून आत, नातूबागेत आहे. सकाळी दहाला उघडतं, संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. दुपारी एक ते चारचे विनोद इथे लागू नाहीत. दहालाच पोहोचा, कारण अकरानंतर शाळांच्या सहली आल्या तर आईंना उभं राहायलाही जागा मिळणार नाही. जिने चढावे लागतात. सगळ्यात वर आधी जाऊन मग उतरत बघत येणं गुडघ्यांना बरं पडतं, मात्र ते चालेल का हे दारावरच्या माणसाला विचारून घ्या. गाडी आणू नका. बाजीराव रस्ता शनिवारवाड्याच्या दिशेने एकेरी आहे. एक वळण चुकलं की शिवाजी रस्त्याने स्वारगेटपर्यंत जाऊन परत. सप्टेंबर २०२४मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून पेठांमध्ये मंडई आणि कसबा पेठ ही दोन स्थानकं झालीत. मंडईला उतरून आईंसाठी रिक्षा करा. रिक्षावाला “इथे तर आहे, चालत जा” म्हणेल. तो बरोबर असेल, तरी रिक्षा करा.

केळकर झाल्यावर त्याच दमात दुसरं संग्रहालय नको. जेवा, आईंना पडू द्या. चारच्या सुमाराला मात्र गंज पेठेतल्या फुले वाड्यात जा. आता पेठेलाही महात्मा फुल्यांचंच नाव आहे, पण रिक्षावाल्याला गंज पेठ लवकर कळते. तिकीट नाही, गर्दी नाही, आणि खरं सांगायचं तर आत वस्तूही फारशा नाहीत: चित्रं, मजकूर, रिकाम्या खोल्या. पंधरा मिनिटांत बघून लोक बाहेर पडतात, कारण काय बघायचं ते कुणी सांगत नाही. तर दोन जागा सांगते.

एक पाण्याची. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शाळा काढणं, भाषण करणं वेगळं; रोजच्या प्यायच्या पाण्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत सगळ्यांना हात घालू देणं हे त्या काळच्या पुण्यात काय असेल, ते आजूबाजूची खेटून असलेली घरं बघितली की जरा कळतं. दुसरी जागा अंगणातलं तुळशी वृंदावन. आपल्याला जाळू नये, मीठ घालून पुरावं, अशी जोतीरावांची इच्छा होती. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले आणि नगरपालिकेने परवानगी नाकारली. त्याच नगरपालिकेचे ते स्वतः काही वर्षं सभासद होते. मग दहन झालं, अंत्ययात्रेत पुढे टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, धरून सावित्रीबाई चालल्या, आणि अस्थी इथे आणून ठेवल्या. समाधी म्हणून जे आहे ते एवढंच, एका घराच्या अंगणात. मी गेले तेव्हा शेजारची एक बाई तिथे भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसली होती. सुरक्षारक्षक तिला काही म्हणाला नाही, ते मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कसबा पेठ. तांबट आळी हे संग्रहालय नव्हे, तिथे तिकीट नाही, पाटी नाही. पण केळकरांकडे काचेआड घंगाळ आणि बंब बघितल्यावर इथे यायलाच हवं. गल्लीच्या तोंडाशीच ठोक्यांचा आवाज येतो. तांब्याचं भांडं घडवून झालं की त्यावर हातोड्याने एकाला एक लागून ठोके मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. खरं तर ठोक्यांनी पत्रा कठीण होतो, भांडं चेपत नाही. शोभा हा वरचा नफा. स्टील आणि ॲल्युमिनियम आल्यावर हंडे-कळश्यांचं गिऱ्हाईक गेलं, तेव्हा यातल्या कित्येकांनी तेच ठोके दिव्यांच्या शेड आणि पाण्याच्या जारवर मारायला सुरुवात केली. काम चालू असताना दारात उभं राहून बघितलेलं चालतं, आधी विचारा मात्र, आणि फोन तोंडासमोर धरून मधे मधे उभं राहू नका. आत्याने इथे एक तांब्याचं तपेलं उलटंपालटं करून बघितलं आणि कारागिराला पहिला प्रश्न विचारला, “याला कल्हई कोण करून देतं?” तो हातातलं काम खाली ठेवून बोलायलाच बसला. मी त्या गल्लीतून शंभरदा गेले असेन, माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं.

तिथून जवळ लाल महाल आहे. आजची इमारत महापालिकेने अलीकडे, १९८०च्या दशकात बांधलेली, हे ठाऊक असू द्या म्हणजे विटा बघून हरखायला होणार नाही. वेळ उरला तर नारायण पेठेतला केसरीवाडा. बडोद्याच्या गायकवाडांकडून टिळकांनी तो १९०५ साली घेतला, म्हणून जुनी माणसं त्याला अजून गायकवाडवाडा म्हणतात. आतलं दालन लहान आहे. मंडालेच्या कोठडीची प्रतिकृती आहे, आणि मादाम कामांनी १९०७मध्ये स्टुटगार्टला फडकवलेला झेंडा इथे जपून ठेवलाय. अर्धा तास पुरतो.

सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेलच. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी स्थापन केलेली संस्था, आणि पुढे राजवाडे तिच्याशीच भांडून धुळ्याला निघून गेले. पुण्याची संस्था म्हटल्यावर एवढं होणारच. मोडी कागदांचा प्रचंड साठा, जुनी चित्रं, नाणी, ताम्रपट. जागा मोलाची आहे, पण ती अभ्यासकांची आहे. आधी फोन करून, काय बघायचंय ते सांगून गेलात तर उपयोग. नुसतं फिरत फिरत आत शिरलात तर तुम्हीही अवघडाल आणि तेही.

एक तक्रार केल्याशिवाय राहवत नाही, नाव न घेता. यातल्या नव्हे, पण अशाच एका छोट्या संग्रहालयात मागच्या वर्षी गेले होते. आम्ही दोघीच. आम्ही खोलीत शिरलो की रखवालदार दिवा लावायचा आणि पाऊल बाहेर पडायच्या आत बंद करायचा, म्हणजे मागे वळून बघायची सोयच नाही. शेवटी मी त्यालाच विचारलं की तुम्हाला यातलं काय आवडतं. त्याने कोपऱ्यातल्या एका पेटीपाशी नेलं, खाली वाकायला लावलं आणि तिचा चोरकप्पा कुठे आहे ते बाहेरूनच दाखवलं. पाटीवर त्याचा उल्लेखही नव्हता. मग कितीतरी वेळ त्या खोलीतला दिवा चालू राहिला. तेव्हा छोट्या ठिकाणी रखवालदाराशी बोला. दिवसभर तोच तिथे असतो.

पावसाळ्यात येणार असाल तर तांबट आळीत घसरड्या फरशीवर आईंचा हात धरा. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमध्ये संग्रहालयं बघायला येऊच नका, तेव्हा बाहेरच इतकं असतं की आत कुणी जात नाही, आणि रस्तेही बंद असतात.

आणि वज्रीच्या कपाटापाशी पोहोचलात की ती पाय घासायची असते हे आता तुम्हाला माहीत झालंय. पण आईंना आधी सांगू नका.