मृगाआधीचे छप्पर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

वैशाखात दुपारभर जीव नकोसा करणारे ऊन आणि चारच्या सुमारास पश्चिमेला उभी राहिलेली धुळीची भिंत हे खानदेशाला नवे नाही. रावेर-यावलच्या केळीबागा ज्या वाऱ्याने आडव्या होतात, तोच वारा गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत घरांवरचे पत्रेही नेतो. तिथे ना जुनी झाडे, ना वारा अडवायला शेजारची उंच घरे. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे छपराबद्दलच होती, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : जळगावबाहेर प्लॉट भागात आमचे घर आहे. मागे २० फूट लांब आणि उतारावर १२ फूट अशी पत्र्याची खोली आहे. गेल्या मे महिन्यात तिचे तीन पत्रे उडाले, त्यातला एक शेजाऱ्यांच्या गाडीवर पडला. मिस्तरी म्हणतात, "दादा, वर दगड ठेवा, काही व्हत नही." दगड पुरतील का? नवे पत्रे कसे बसवावेत?

उत्तर : आधी वरचे दगड उतरवून घ्या. वारा पत्र्याला खाली दाबतो असे आपल्याला वाटते, पण कमी उताराच्या छपरावरून जोराने जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो. दार-खिडकी उघडी असली तर आत शिरलेला वारा खालूनही रेटतो. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. १० फूट बाय ३ फूट पत्र्यावर हे बळ सव्वाशे किलोच्या पुढे जाते, आणि अर्धा मिमी जाडीच्या त्या पत्र्याचे स्वतःचे वजन जेमतेम १२-१३ किलो. आठ-दहा किलोचे दोन दगड इथे काय रोखणार? पत्रा उचलला की तेच दगड घरंगळून खाली माणसावर येतात. टायर, विटा, जुने पाटे यांचेही तेच.

उडालेला पत्रा भंगारात देण्याआधी त्याची भोके जवळून बघा, चूक कुठे झाली ते तीच सांगतात. स्क्रू पाइपातच उभा आहे आणि पत्र्याचे भोक लांबट फाटले आहे, तर स्क्रू कमी होते किंवा वॉशर कुजला होता. स्क्रू पत्र्यासोबत उपटून आला असेल, तर खालचा पाइप पातळ आहे. १ ते १.२ मिमी जाडीच्या पाइपात स्क्रूचे दोन आटेही नीट धरत नाहीत. पाइप निदान २ मिमी जाडीचा घ्या. दुकानात वजनावर भाव करताना हीच जाडी हळूच कमी होते, तेव्हा मोजून घ्या.

आता बसवणी. वारा सर्वांत जास्त ओढतो तो कडांना आणि कोपऱ्यांना, म्हणून सगळीकडे सारखे स्क्रू मारणे चूक आहे. आडवे पाइप साडेचार-पाच फुटांवर असतील तर मध्ये भर घालून अंतर ३ फुटांवर आणा. तुमच्या १२ फुटांच्या उताराला पाच ओळी होतील. सव्वातीन फूट झाकणाऱ्या रंगीत पत्र्याला साधारण पाच उंचवटे असतात. खालच्या आणि वरच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर एक म्हणजे पत्र्यामागे १० स्क्रू, मधल्या तीन ओळींत एक सोडून एक म्हणजे ९. असे पत्र्याला १९ झाले. सात पत्र्यांचे १३३, आणि दोन्ही टोकांच्या पत्र्यांना मधल्या ओळींतही प्रत्येक उंचवट्यावर मारायचे म्हणून आणखी १२. मोडतोड धरून १६० आणा. पत्र्याच्या उभ्या जोडावर दर दीड फुटाला बारीक स्क्रू लागतो, ते ५०-६० वेगळे. उंचवट्यावर मारायचा स्क्रू ५५ मिमी लांबीचा, रबरी वॉशर असलेला हवा.

मारताना हात जपा. वॉशर टोपीच्या कडेला किंचित फुगून दिसला की थांबायचे. आणखी पिळले की रबर चिरते, पत्रा दबतो आणि नेमके तिथूनच पाणी येते. सैल सोडला तर वाऱ्यात थडथडून भोक मोठे होते. ड्रिलने निघालेला लोखंडी कीस संध्याकाळी झाडून काढा, नाहीतर महिन्याभरात पत्र्यावर गंजाचे ठिपके उठतात. आपल्याकडे रात्र आणि भरदुपार यांत पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात २० फुटी पत्रा सुमारे ३ मिमी लांबतो आणि रोज परत आखडतो. जुने स्क्रू सैल होतात ते यामुळे, म्हणून दर एप्रिलमध्ये एकदा पाना फिरवून घ्या.

पत्रा भिंतीबाहेर एक-दीड फुटापेक्षा जास्त काढू नका. ओट्यावरचे पत्रे मुख्य छपराला जोडून एकसंध करण्याचा मोहही टाळा. ओट्याखाली तिन्ही बाजूंनी वारा शिरतो. तिथला पत्रा उचलला तर घरावरचा सोबत नेतो.

प्रश्न : आमच्या गल्लीत एका घराचे पत्रे, पाइप, कैच्या (छपराला धरणारे सांगाडे) सगळे एकत्र उचलून मागच्या शेतात पडले. पत्र्याचा एकही स्क्रू निघाला नव्हता. हे कसे? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : पत्रा पाइपाला घट्ट होता, पण पाइप भिंतीला नव्हता. पहिल्या उत्तरातल्या २० बाय १२ फुटांच्या छपरावर त्याच वाऱ्यात एक टनाहून जास्त ओढ येते, आणि पत्रे-पाइप मिळून वजन साधारण पाव टन. उरलेला भार भिंतीनेच धरायचा असतो. आपल्याकडे पाइपाचे टोक भिंतीच्या शेवटच्या दोन थरांत ठेवून वर दोन विटा आणि माल लावतात. त्या विटांचे वजन ते किती! वारा पाइपासकट त्याही उचलतो.

नवे बांधत असाल तर भिंतीच्या माथ्यावर ६ इंच उंचीचा काँक्रीटचा पट्टा फिरवा. त्यात १० मिमीच्या चार सळया आणि दर ६ इंचांवर रिंग. ओतण्याआधीच १२ मिमीचे बोल्ट, खालचे टोक वाकवून, प्रत्येक कैचीच्या जागी उभे करा. मागाहून भोक पाडून ठोकलेला बोल्ट तेवढा धरत नाही.

घर उभे असेल तर प्रत्येक कैचीवरून लोखंडी पट्टी (२५ बाय ५ मिमी) उलट्या यू आकारात घ्या. दोन्ही पाय भिंतीच्या आतून आणि बाहेरून ३ फूट खाली आणा आणि १२ मिमीच्या आरपार बोल्टने दोन-तीन ठिकाणी आवळा. ३ फूट का, तर ९ इंची भिंतीचा ४ फूट लांब आणि ३ फूट खोल तुकडा साडेचारशे किलोच्या वर भरतो. एवढे वजन कैचीला बांधले गेले की वाऱ्याचे काही चालत नाही. पट्टीला आधी रेड ऑक्साइड, मग रंग. मातीत बांधलेल्या भिंतीत बोल्ट धरत नाही. तिथे पट्टी थेट पायापर्यंत न्या किंवा आतून खांब द्या. यात काटकसर करू नका, घरात लेकरेबाळे झोपतात.

प्रश्न : भुसावळला आमचे बारा वर्षांचे स्लॅबचे घर आहे. गच्चीवर कोबा आहे. पाऊस थांबल्यावर दोन-दोन दिवस कोपऱ्यात थेंब पडत राहतात. दोनदा रंगाचे कोटिंग केले, एका पावसाळ्यात निघाले. (एक वाचिका)

उत्तर : ताई, पाऊस थांबल्यावरही ठिबकते याचा अर्थ पाणी कोब्याच्या विटांच्या तुकड्यांत साठले आहे. कोबा स्पंजासारखा भरतो आणि सावकाश सोडतो. त्यामुळे खाली डाग दिसतो तिथेच वर भोक असेल असे नाही.

आधी परीक्षा करा. गच्चीचे पाणी नेणाऱ्या पाइपाचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करा, मातीचा बांध घालून गच्चीचा एकेक भाग दोन इंच पाण्याने भरा आणि २४ तास ठेवा. खाली ओलीची कड खडूने आखत जा. ज्या भागाने कड सरकते, तो दोषी. मग कोरड्या कोब्यावर हातोडीने हलके वाजवा. खणखणीत आवाज ठीक, बद्द आवाज म्हणजे पोकळ. पोकळ भाग काढूनच टाकावा लागतो, त्यावर कितीही महाग कोटिंग मारले तरी ते खालच्या सैल थरासोबत उठणार.

कोपऱ्यातली गळती बहुधा कठड्याच्या भिंतीच्या बुडाशी असते. ४५ अंशांच्या उन्हात स्लॅब पसरतो, कठडा त्याच्याइतका हलत नाही, आणि दोघांच्या सांध्यात केसाएवढी भेग पडते. ती भेग १० मिमी रुंद-खोल व्ही आकारात कोरा, धूळ ब्रशने काढा, पाणी मारा, लॅटेक्स घातलेल्या सिमेंटची स्लरी लावा आणि ती ओली असतानाच लॅटेक्सयुक्त मालाने (१ सिमेंट, ३ वाळू) भरा. त्यावर ३ इंचांची गोलसर वाट (सांध्याच्या कोनात मालाचा गोलाकार भराव) काढा. कठड्याचा माथाही बघा. तो फुटका असेल तर पाणी भिंतीच्या आतून खाली उतरते आणि बिचाऱ्या स्लॅबला दोष लागतो.

मे महिन्यात हा माल दुपारी लावला तर तासाभरात भाजून निघतो. संध्याकाळी लावा, ओली पोती टाका, सात दिवस पाणी द्या. मग पूर्ण वाळू द्या. कोटिंग मात्र पहाटे, स्लॅब थंड असताना. तापलेल्या स्लॅबवर वरची साय लगेच धरते, खालची ओल वाफ होऊन फोड आणते. तुमचे कोटिंग असेच निघाले असण्याची शक्यता मोठी आहे. पहिला हात आडवा, सांध्यांवर फायबरची जाळी ओल्यातच बसवा, दुसरा हात उभा. डब्यावर लिहिलेल्या क्षेत्रफळापेक्षा जास्त ताणू नका. पांढरा रंग घ्या, खालची खोलीही कमी तापेल.

उतार ८ फुटांना एक इंच असावा. ताशी १०० मिमी पावसात ४ इंची एक पाइप साधारण ९०० चौरस फुटांचे पाणी नेतो. पण जाळीवर कडूनिंबाची पाने बसली की तो शून्य नेतो, म्हणून लहान गच्चीलाही दोन पाइप ठेवा.

प्रश्न : अमळनेर तालुक्यात आजोबांचे धाब्याचे (मातीच्या सपाट छपराचे) घर आहे, आजी तिथेच राहते. दर वर्षी खारी (खारट पांढरी माती) टाकतो तरी गळते. वरून सिमेंटचा कोबा करावा का?

उत्तर : सिमेंट करू नका. लाकूड आणि माती हलतात, सिमेंट हलत नाही. ते तडकते, तडीतून पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट उरत नाही. वरून कोरडे दिसणारे धाबे आतून कुजत राहते.

आमची खरी काळजी वेगळी आहे. दर वर्षी जुन्या थरावर नवा थर चढत गेला का? १० बाय १० फुटांच्या खणावर ६ इंच माती म्हणजे सव्वादोन टन, ओली झाली की आणखी. आधी कडेला खणून जाडी मोजा. मग घरात येऊन प्रत्येक सराचे (छपराखालच्या आडव्या लाकडाचे) भिंतीत शिरणारे टोक पेचकसने टोचा. पेचकस बोटभर आत गेला तर वाळवीने काम केले आहे. आजींना त्या खोलीतून हलवा, लाकडी टेकू द्या आणि मगच वर चढा.

सर धड असतील तर गवत मुळासकट काढा, जुनी माती खरवडून थर ४ इंचांवर आणा, उंदरांची बिळे ओल्या चिखलाने ठासून भरा. ताडपत्री घालायची तर वरच्या दोन इंचांखाली, पन्हाळाकडे उतार देऊन, जोडावर एक फूट चढवून. वर खारी पसरून किंचित पाणी मारा आणि चोपून घ्या. शेताची काळी माती चुकूनही नको, ती वाळताना फाटते. पन्हाळ भिंतीपासून फूटभर तरी बाहेर हवे. मातीची भिंत बुडाशी भिजली तर छप्पर वाचवून उपयोग नाही.

प्रश्न : गारांनी सिमेंटच्या पत्र्यांना भोके पडली आहेत. घासून एम-सील लावले तर चालेल? (शहादा)

उत्तर : घासू नका. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसाला कायमचा अपाय करते. कापणे आणि कोरडे भोक पाडणेही टाळा. ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, डांबरी चिकटपट्टी भोकाच्या चारही बाजूंनी ३ इंच पुढे जाईल अशी दाबून बसवा. ही एका पावसाळ्याची सोय आहे, भेग लांब असेल तर पत्राच बदला. थेट पत्र्यावर पाय ठेवू नका. खालच्या दोन पाइपांवर टेकेल अशी फळी टाकूनच चाला. वरून दिसायला धड पत्राही वजनाने एकदम फुटतो.

प्रश्न : गळतीवर डांबर ओतावे का?

उत्तर : नाही. आपल्या उन्हात ते पातळ होऊन वाहते, थंडीत तडकते आणि पुढे तिथे दुसरे काही चिकटत नाही.

प्रश्न : वादळानंतर पहिले काम कोणते? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : मेन स्विच बंद करा. तुटलेली तार पत्र्याला टेकली असेल तर वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत कोणीही शिडी लावू नये. मग घराचे आतून-बाहेरून फोटो काढा आणि तलाठ्यांना कळवा. घराच्या अंशतः पडझडीच्या सरकारी मदतीला नुकसान किमान १५ टक्के असावे लागते आणि पंचनामा लागतो, म्हणून तुटलेले सामान लगेच हलवू नका. पाऊस चालू असेल तर ताडपत्री मात्र टाकाच, पंचनाम्यासाठी भिजत बसू नका. ती आढ्याच्या पलीकडे ३ फूट न्या, कड लाकडी पट्टीला दोन वेढे गुंडाळून पट्टी बांधा. नुसत्या छिद्रांतून दोरी ओवली तर पुढच्या झोताला छिद्रे फाटतात. ओल्या पत्र्यावर एकट्याने जाऊ नका. कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक आढ्याच्या पलीकडे झाडाला किंवा खांबाला, आणि खाली एक माणूस.