छडी कोणाची, किल्ली कोणाची?

प्रश्न : आमच्या सांगलीत तीन वर्षांपूर्वी चाळीसेक हौशी वादकांनी एकत्र येऊन पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंद सुरू केला. मी दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत वाजवतो. ज्यांनी हे सारे उभे केले तेच आमचे संचालक, तेच अध्यक्ष आणि व्यवहारात खजिनदारही तेच. माणूस तळमळीचा आहे, पदरमोड करतो. पण कोणती रचना बसवायची, पहिल्या खुर्चीवर कोणी बसायचे, कार्यक्रम कोठे करायचा, हे सगळे त्यांच्या एका फोनवर ठरते. दिवाळीनंतर सहा जण गळाले. बोलायला गेलो तर ते दुखावतात. काय करावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : हौशी संस्था एखाद्याच्या ध्यासातूनच उभी राहते, आधी समिती नेमून मग सिंफनीचे वेड लागले, असे कोठे घडल्याचे मी ऐकलेले नाही. तेव्हा आपल्या संचालकांनी सुरुवातीला सगळा भार अंगावर घेतला यात वावगे काही नाही. तीन वर्षांनंतरही तो त्यांनी खाली ठेवलेला नाही, अडचण ही आहे.

वाद्यवृंदाचे नेतृत्व म्हणजे तीन वेगवेगळी कामे असतात. छडी धरणाऱ्या संचालकाने रचना निवडावी, लय ठरवावी, वाद्यांचा तोल सांभाळावा. पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसणारा कॉन्सर्टमास्टर हा वादकांचा माणूस. कोणत्या स्वराला गज ओढायचा आणि कोणत्या स्वराला ढकलायचा हे तो ठरवतो, त्याच्या प्रतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा मागच्या सगळ्या प्रतींवर उतरतात, आणि संचालकाला जे ऐकायला नको असते ते सांगण्याची पाळीही बहुधा त्याच्यावरच येते. तिसरे काम विश्वस्त मंडळाचे : पैसा, सभागृह, हिशेब, आणि मुख्य म्हणजे संचालकाची नेमणूक. नेमणारा आणि नेमला जाणारा एकच असेल, तर जाब कोणी कोणाला विचारायचा?

बर्लिनमध्ये हाच पेच १८८२ साली उभा राहिला होता. बेंजामिन बिल्झे यांचा तेथे नावाजलेला वाद्यवृंद होता; ते कर्तबगार आणि शिस्तीचे, पण संस्था त्यांच्या मालकीची आणि शब्दही त्यांचाच. वॉर्सोच्या कार्यक्रमाला वादकांना रेल्वेच्या चौथ्या वर्गाने न्यायचे त्यांनी ठरवले, तेव्हा आधीच धुमसत असलेला असंतोष भडकला आणि ५० हून अधिक वादक बाहेर पडले. त्यांनी काढलेला वाद्यवृंद म्हणजे आजचा बर्लिन फिलहार्मोनिक, आणि तेथे मुख्य संचालकाची निवड आजही वादकच मतदानाने करतात. आपले सहा जण रेल्वेच्या डब्यावरून गेले नसतील, पण ते का गेले हे त्यांना कोणी घरी जाऊन विचारले आहे का? विचारले नसेल तर पहिले काम तेच करा, आणि विचारायला संचालकांनी न जाता दुसऱ्या कोणी जावे.

आता कागदोपत्री बाजू. आपली संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर किमान ७ सभासदांच्या सह्यांनी ती झाली असेल आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयातही तिची नोंद असेल. तेथील नोंदवहीचा, म्हणजे परिशिष्ट एकचा, उतारा मागवून पाहा, म्हणजे विश्वस्त म्हणून नेमकी कोणाची नावे लागली आहेत ते कळेल. पुष्कळदा ती नावे ज्यांची आहेत त्यांनाच ठाऊक नसतात. नियमावलीत पदाधिकाऱ्यांची मुदत दिलेली असते. सभा रीतसर बोलावून नवे पदाधिकारी निवडले, की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. हे कंटाळवाणे काम टाळल्याने बँकेत जुन्याच सह्या चालू राहतात आणि पुढे त्यातूनच भांडणे लागतात.

मी स्वतः तरुणपणी ज्या हौशी वाद्यवृंदात वाजवत असे, तेथे कार्यक्रमाला महिना उरलेला असताना संस्थापक-संचालक रुग्णालयात दाखल झाले. रचनेच्या साऱ्या प्रती त्यांच्या घरच्या लोखंडी कपाटात, बँकेत सही त्यांची एकट्याची, आणि सभागृहाची पावतीही त्यांच्याच नावाने. त्या अवस्थेत त्यांच्याकडे कपाटाची किल्ली मागायला जायचे धाडस आमच्यापैकी एकालाही झाले नाही. कार्यक्रम रद्द झाला, आणि बरे होऊन परतल्यावर त्यांना सगळ्यांत जास्त खंत त्याचीच होती. आपल्या संचालकांशी बोलताना हक्काची भाषा न काढता या बाजूने विषय काढा. पैसा आणि पत्रव्यवहार दुसऱ्याकडे गेला तर तालमीला अधिक वेळ मिळेल, हे बहुतेक संगीतकारांना मनातून हवेच असते. अध्यक्षपद सोडायला सांगण्याआधी खजिनदारी मागा. ती लवकर मिळते.

कॉन्सर्टमास्टर मात्र याच वर्षी नेमून टाका. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिंफनी उभी केली, तेव्हा ते स्वतः आधी पहिल्या खुर्चीवर बसले आणि छडी पुढे बऱ्याच वर्षांनी हाती घेतली. उद्याचा संचालक त्या खुर्चीवर तयार होतो, आणि आपल्याकडे ती खुर्चीच फोनवर ठरते आहे.

प्रश्न : माझी मुलगी या वाद्यवृंदात चेलो वाजवते, म्हणून मी कार्यक्रमांना जाते. एक शंका विचारायला संकोच वाटतो. जो एकही स्वर वाजवत नाही त्या माणसाला एवढा मान कशासाठी? आमच्याकडे तबलजी लय धरतोच की.
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : संकोच नको, हा प्रश्न वादकांनाही पडतो, फक्त ते आपापसात विचारतात. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत दर्ग्यावर होणाऱ्या संगीतसभेत आपण बसला असाल. तेथे गायक, तबलजी आणि संवादिनीवाला हातभर अंतरावर असतात, सम आली की तिघांच्याही मानेला कळते. चाळीस जणांच्या वाद्यवृंदात मागचा ट्रम्पेटवाला पुढच्या व्हायोलिनपासून १५ मीटर दूर असू शकतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे पुढचा स्वर त्याच्या कानी पोहोचायला सेकंदाचा बाविसावा-तेविसावा भाग लागतो. तो कानाने ऐकून वाजवू लागला तर श्रोत्यांना तो मागे पडलेला ऐकू येणार. म्हणून त्याने ऐकत ऐकत पण डोळ्याने वाजवायचे असते, आणि डोळ्याला धरायला काही तरी हवे, ते म्हणजे छडीचे टोक.

बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात आठवा. तीन ऱ्हस्व आणि एक दीर्घ स्वर सगळ्यांच्या ओठांवर असतात. पण कागदावर त्यांच्याआधी एक छोटी विश्रांती लिहिलेली आहे. म्हणजे रचनेचा आरंभ मौनाने होतो, आणि त्या मौनाचा ठोका संचालकाला हवेत द्यावा लागतो. त्याचा हात तेथे थोडा जरी अडखळला तर पहिलाच स्वर फाटतो. याच सिंफनीत ट्रॉम्बोनवाल्यांना पहिले तीन भाग काहीच वाजवायचे नसते. तिसऱ्या भागातून न थांबता चौथा भाग सुरू होतो आणि तेथे त्यांना पूर्ण जोमाने शिरायचे असते. अर्धा तास गप्प बसलेल्या माणसाकडे ऐन क्षणी पाहून डोळ्यांनी ‘हं’ म्हणणे, हे संचालकाचे काम आहे.

संचालकाशिवाय चालतच नाही, असेही समजू नका. मॉस्कोत १९२२ ते १९३२ या काळात पर्सिम्फान्स नावाचा वाद्यवृंद छडीवाचून वाजवत असे, आणि न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून तसेच करत आला आहे. मात्र संचालक काढला की त्याचे निर्णय सगळ्यांना बसून घ्यावे लागतात, आणि तालमी फार वाढतात. नोकरी-धंदा सांभाळून रविवारी जमणाऱ्यांना ते परवडणारे नाही. (आपल्या भागात ‘कंडक्टर’ म्हटले की एसटीतला तिकीटवालाच डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी संचालक हा शब्द वापरतो.)

प्रश्न : मी वीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. वाद्यवृंदात जावेसे वाटते, पण स्वरलिपीचा कागद वाचता येत नाही आणि लोक हसतील अशी भीती वाटते.
— एक वादक, कुपवाड

उत्तर : भर उन्हात वरातीपुढे चार तास श्वास न तुटता वाजवणाऱ्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. कागद वाचायला शिकणे हे काही महिन्यांचे काम आहे. आपली फुंक आणि बोटे कमावायला इतरांना दहा वर्षे लागतील. पहिल्या दिवशी गोंधळ होईल तो सुरांचा. तालमीपूर्वी ओबो (सनईसारखे वाद्य), किंवा ओबो नसेल तर पहिला व्हायोलिनवादक, ‘ए’ हा स्वर देतो. ती आपल्या संवादिनीची पांढरी सहा, सेकंदाला ४४० कंपने. आपले क्लॅरिनेट बहुधा बी-फ्लॅटचे, म्हणजे काळी पाचचे असेल. कागदावर ‘सी’ लिहिलेला वाजवला की त्यातून काळी पाच निघते. म्हणून सर्वांचा ‘ए’ मिळवायला आपल्याला बोटे ‘बी’ची ठेवावी लागतील. ही गोष्ट नवख्याला आधी सांगणे हे रांगेच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे, आणि ते क्वचितच पाळले जाते.

वाद्यवृंदाच्या मंडळालाही एक सूचना. बँडवाले वादक हवे असतील तर तालमीचे वेळापत्रक पंचांग शेजारी ठेवून आखा. लग्नतिथीला तालीम लावायची आणि मग ‘हे लोक गैरहजर राहतात’ म्हणायचे, यात दोष वेळापत्रकाचा आहे.

प्रश्न : आमच्या जाहिरातीवर ‘ऑर्केस्ट्रा’ वाचून लोक हिंदी-मराठी गाण्यांच्या अपेक्षेने येतात आणि मध्यंतरात उठून जातात. दोन-चार चित्रपटगीते घ्यावीत का? त्यासाठी परवानगी लागते का?
— एक सभासद, सांगली

उत्तर : घ्यायला हरकत नाही, फक्त ती संचालकांच्या संमतीने आणि नीट बसवून घ्यावीत, श्रोत्यांना धरून ठेवायची लाच म्हणून नव्हे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे रचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. बीथोव्हेन १८२७ साली गेला, त्यामुळे तेथे प्रश्नच नाही. मात्र कोणी अलीकडे केलेली सोपी मांडणी (अरेंजमेंट) वापरत असाल तर त्या मांडणीचा हक्क वेगळा असतो. चित्रपटगीतांचे हक्क बहुधा अजून चालू आहेत. हौशी मंडळाने विनामूल्य प्रवेशाच्या कार्यक्रमात सांगीतिक रचना वाजवली तर कायद्यात सूट आहे. तिकीट लावले, की परवाना घ्यावा. आणि जाहिरातीत सरळ ‘सिंफनी वाद्यवृंद’ असे छापा.

प्रश्न : आमची वाद्ये गावभागातल्या एका तळमजल्यावरच्या खोलीत असतात. पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?
— त्याच वाद्यवृंदातील एक वादक

उत्तर : खोली बदलता येत असेल तर बदला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, हे गावभागात कोणाला सांगायला नको. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. आपण ३५ फुटांनाच हलायला लागा, कारण टिंपनीची, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांची, तांब्याची भांडी जिन्यावरून वर न्यायला चार माणसे लागतात आणि पुराच्या रात्री चार माणसे मिळत नाहीत. व्हायोलिन आणि चेलो एरवीही भिंतीला टेकवून ठेवू नयेत, कारण ओलीने सरस सुटतो. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवून ती दर पंधरवड्याला बदलावी. खोलीच्या किल्ल्या दोन असाव्यात, दोन्ही नदीपासून दूर राहणाऱ्यांकडे, आणि वाद्ये हलवायची की नाही हे ज्याच्या हाती किल्ली आहे त्याने ठरवावे. त्यासाठी अध्यक्षांच्या फोनची वाट पाहायची नाही, असा ठराव जूनच्या आधी सभेत लिहून घ्या.